कुकरवरचा आयएसआय शिक्का आता बदलायला हवा

मोजपट्टी:
कुकर, हेल्मेट, पाण्याची बाटली, सगळीकडे आजही आयएसआयचा शिक्का आहे. तो सुरू करणारी इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन जानेवारी १९४७ मध्ये स्थापन झाली. १९८६ च्या कायद्याने तिची जागा भारतीय मानक ब्यूरोने, म्हणजे बीआयएसने घेतली आणि १ एप्रिल १९८७ पासून ब्यूरोचा कारभार सुरू झाला. जी संस्था उरलीच नाही तिच्या नावाचा शिक्का कशाला? शिवाय पाकिस्तानची गुप्तहेर संघटनाही आयएसआयच. ती १९४८ ची, काश्मीरच्या पहिल्या युद्धाच्या काळात मेजर जनरल कॉथॉर्न या ऑस्ट्रेलियन वंशाच्या अधिकाऱ्याने उभी केलेली. सोन्याच्या हॉलमार्कवर हीच बीआयएस स्वतःचा त्रिकोण उमटवते, मग कुकरवर काय अडतं?

दुकानवाला_मिरज:
साफ असहमत. गिऱ्हाईक काउंटरवर येऊन "आयएसआय आहे ना?" एवढंच विचारतं, आणि वायर घेताना कुणाच्या मनात पाकिस्तान येत नाही. हा विश्वास पन्नासच्या दशकापासून, शिक्क्याची योजना सुरू झाल्यापासून कमावलेला आहे. शिक्का नीट बघा. वर मानकाचा क्रमांक असतो, हेल्मेटवर आयएस ४१५१, कुकरवर आयएस २३४७. खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. खरं-खोटं तिथे ठरतं. शिक्का बदलला तर जुना माल आणि नवा माल काही वर्षं शेजारी शेजारी विकला जाईल, आणि त्या गोंधळात बनावट मालवाल्यांचं फावेल.

नमुना_पाहणी:
दोघेही थोरल्या आयएसआयला विसरलात. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी डिसेंबर १९३१ मध्ये कोलकात्यात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट सुरू केली, प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या त्यांच्या प्रयोगशाळेतून. देशाची राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० मध्ये सुरू झाली ती त्यांच्याच पुढाकाराने. शेजाऱ्यांच्या हेरखात्यामुळे नाव सोडायचं म्हटलं तर उद्या याही संस्थेवर पाळी येईल. हे मला अजिबात मान्य नाही. अशा जोड्या सगळीकडे आहेत. एनएसएस म्हणजे आपल्याकडे कॉलेजचं श्रमदान शिबिर, केरळात १९१४ ची नायर सर्व्हिस सोसायटी. दोघांचंही नीट चाललंय.

मोजपट्टी:
@नमुना_पाहणी, कोलकात्याची संस्था चालू आहे, तिने नाव ठेवावंच. माझा आक्षेप बंद झालेल्या संस्थेच्या नावाला आहे. आणि नाव बदलल्याने धंदा बसत नाही. डब्ल्यूडब्ल्यूएफ ही अक्षरं १९६१ पासून वन्यजीव निधीची. कुस्तीवाल्यांनी ती १९७९ पासून वापरली, लंडनच्या कोर्टात हरले आणि मे २००२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई झाले. आज पोरं तेच नाव घेतात.

दुकानवाला_मिरज:
तो दाखला इथे लागू नाही. कुस्तीवाल्यांनी १९९४ मध्ये निधीशी लेखी करार केला होता, तो मोडला म्हणून ते हरले. इथे कुणी कुणावर दावा लावलेला नाही. आणि पोरं टीव्ही बघून नवं नाव शिकली. माझ्याकडे शेगडी घ्यायला येणाऱ्या आजीबाईंना कोण शिकवणार? बीआयएसला खर्च करायचाच असेल तर परवाना क्रमांक मोबाइलवर तपासता येतो हे गावोगावी सांगण्यात करावा. बीआयएस केअर ॲप आहे, माझ्या गिऱ्हाइकांपैकी फार थोड्यांना ते माहीत आहे.

मोजपट्टी:
ॲपचं पटलं. तरी शिक्क्याखाली बारीक अक्षरांत बीआयएस छापायला आजच सुरुवात करावी, आजीबाईंचंही त्यात काही बिघडत नाही.