किनाऱ्याकिनाऱ्याने पाच रात्री तंबूत : मुक्काम कसे आखावेत?

गलबत :
आम्ही दोघं आणि सहा व दहा वर्षांची मुलं. साधी हॅचबॅक, चौघांचा घुमटाकार तंबू, सोबत आलेल्या तारेसारख्या बारीक खुंट्या. वाळूत त्या टिकतील का? दिवसाला किती अंतर धरावं? आणि पाण्यापासून किती लांब झोपलं म्हणजे निर्धास्त?

ओहोटी :
शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. 'किती लांब' यापेक्षा 'किती उंच' ते बघा. सपाट किनाऱ्यावर पाणी हातभर चढलं तरी कितीतरी आत येतं. बहुतेक किनाऱ्यांवर दर 12 तास 25 मिनिटांनी भरती येते. दुपारी दोनला पूर्ण भरती झाली असेल तर पुढची रात्री अडीचच्या सुमारास, म्हणजे सगळे गाढ झोपेत असताना. त्यामुळे आधी भरतीचं वेळापत्रक, मग मुक्काम.

वाळूवर सुकलेलं शेवाळ आणि काटक्यांची रेघ दिसते, ती भरतीची खूण. पण ती भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या, पाणी कमी चढतं त्या) दिवसांतली असेल तर फसाल. अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे एक-दोन दिवस उधाणाचं पाणी तिच्या बरंच वर जातं. तंबू वेली-झुडपांच्या पट्ट्यामागेच लावा, त्यांच्यावर नको. वाळू त्यांनीच धरून ठेवलेली असते. खाडीचं मुख, ओढ्याचं कोरडं पात्र आणि कड्याचा पायथा या जागा टाळाच. निवडलेल्या किनाऱ्यावर मुक्कामाला परवानगी आहे का, हेही निघण्याआधी विचारून घ्या.

सुतळी :
त्या खुंट्या वाळूत पहिल्याच झोतात निघतील. त्याऐवजी सहा मजबूत कापडी पिशव्या न्या. प्रत्येकीत चार-पाच किलो वाळू भरून तोंड आवळा, ताणाची दोरी बांधा, दीड फूट खोल पुरा, वर पाणी ओतून पायाने दाबा. दोरी तिरकी, जमिनीलगत निघायला हवी आणि त्यासाठी खड्ड्यापासून तंबूकडे छोटा चर खणावा लागतो. हा चर लोक विसरतात. मग दोरी सरळ वर ओढली जाते आणि पिशवी उपटून येते.

दिवसा वारा समुद्राकडून, रात्री बहुधा जमिनीकडून. म्हणून दोन्ही बाजूंच्या दोऱ्या ताणा. नायलॉन दमटपणाने सैल पडतं, झोपण्याआधी पुन्हा आवळा. कितीही गार वारा सुटला तरी शेगडी तंबूत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

घाटवळण :
वळणाच्या रस्त्यावर ताशी 35-40 किमी सरासरी धरा. मुलांसोबत दिवसाला 120-150 किमी पुरे, आणि सूर्यास्ताच्या दोन तास आधी पोहोचा. पाच रात्रींना पाच जागा नकोत, तीन करा (2+1+2). रोज तंबू उभारण्या-आवरण्यातच जीव जातो.

हॅचबॅक वाळूत उतरवू नका. रुतलीच तर रेस देऊ नका, चाक आणखी खाली जातं. चाकांपुढची वाळू उपसा, टायरची हवा 18-20 पीएसआयपर्यंत उतरवा, हळूच बाहेर काढा. हवा लगेच परत भरावी लागते, म्हणून पायपंप आणि प्रेशर गेज गाडीत हवंच. परतल्यावर गाडीचा खालचा भाग आणि तंबूच्या चेन गोड्या पाण्याने धुवा. मिठाने चेन अडकतात.

ओहोटी :
एक राहिलं. निखारे वाळूत पुरू नका. वरून थंड दिसतात, आत तासन्‌तास धगधगत राहतात आणि सकाळी अनवाणी मुलांचे पाय भाजतात. पाणी ओतून, ढवळून, पुन्हा ओता.