डिसेंबरात एका दिवसाच्या डोंगरवाटा: आई, नऊ वर्षांचा पोरगा आणि एक गडवाला, तिघांना झेपेल असं काय?

म्हापशेकर
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून मावसभाऊ येतोय, दर रविवारी कुठला ना कुठला गड चढणारा माणूस, राजगड-तोरणा एका दिवसात केल्याचं फोनवर चार वेळा सांगून झालंय आणि वर म्हणतो गोव्यात काय, नुसते बीच. सोबत आमची आई (वय 64, डावा गुडघा कुरकुरतो पण देवळाचं नाव काढलं की चढते) आणि आमचा चिरंजीव, वय 9, याला दर दहा मिनिटांनी काहीतरी खायला लागतं. हातात तीन दिवस. सकाळी निघून दिवेलागणीला घरी असं हवं. एक सोपं, एक मधलं आणि एक फक्त मावसभाऊ आणि मी, त्याची जरा जिरवायला. तळं, धरण, डोंगर काहीही चालेल. आणि दूधसागरला रुळावरून चालत जाता येतं का अजून? कॉलेजात असताना गेलो होतो.

सत्तरीकर
रुळावरून अजिबात नको. कधीच बंद झालंय ते. जुलै 2023 मध्ये रुळावरून गेलेल्या लोकांना पोलिसांनी रांगेत उभं करून उठाबशा काढायला लावल्या होत्या, व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय, आईसमोर ते नको. कुळ्याहून जीप जातात ऑक्टोबरपासून, पण मग ते चालणं राहत नाही, लाइफजॅकेट घालून रांगेत उभं राहणं होतं. धबधबा 310 मीटरचा आहे तो काही लहान होत नाही म्हणा, पण डिसेंबरच्या सुट्टीत गर्दी बघून मावसभाऊ म्हणेल बघ मी म्हटलं नव्हतं.

दुसरं, गोव्यात वाट किती किलोमीटर असं विचारूच नका, किती तास लागतात ते विचारा. आमचे डोंगर उंचीला काही फार नाहीत, सगळ्यात उंच सोसोगड तो हजार मीटरच्या थोडा वर. पण पुणेवाले उघड्या कातळावर वाऱ्यात चढतात, इथे झाडीत वारा नाही, अकरा वाजता शर्ट पिळून काढावा लागतो. त्यात ठळक पायवाट अशी नसते, गुरांच्या वाटा, लाकडं आणणाऱ्यांच्या वाटा, रानडुकराच्या वाटा, सगळ्या एकसारख्या दिसतात. मावसभावाची जिरवायची असेल तर आमच्या सत्तरीतला वाघेरी डोंगर. 700 मीटरच्या आसपास आहे, पण गावातला माणूस घेतल्याशिवाय नको. मी स्वतः वाळपईचा असून एका ऑक्टोबरात मित्राबरोबर गेलो, गवत छातीपर्यंत, दोन तास एकाच ओहोळाला तीनदा येऊन मिळालो. तिसऱ्या वेळी कळलं, कारण मघाशी खाल्लेल्या केळ्याची साल तिथेच पडली होती. मोबाईलला रेंज शून्य. शेवटी काजूच्या बागेतला एक म्हातारा भेटला, त्याने काही न बोलता नुसतं बोट दाखवलं, वाट आमच्या मागे पंधरा पावलांवर होती.

फोंड्याची बाय
आईंसाठी चंद्रनाथ! पारोड्याचा चंद्रेश्वर भूतनाथ. मडगावपासून पाऊण तास धरा. गाडी बरीच वर जाते, मग पायऱ्या. आईंना पायऱ्याच चढू देत आणि तुम्ही दोघं गाडी खाली ठेवून पायथ्यापासून चाला, डोंगर साडेतीनशे मीटर आहे, घाम निघतो. पौर्णिमेचं चांदणं लिंगावर पडलं की पाझर फुटतो म्हणतात, आईंना ते आधी सांगू नका, पुजाऱ्याकडून ऐकू देत. वरून एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र. माकडं आहेत, पिशवी हातात उघडी धरू नका, माझ्या सासूबाईंची केळी गेली आणि चष्मा थोडक्यात वाचला.

सोप्या दिवसाला करमळीची तळी. लोक ओल्ड गोव्याला चर्च बघून परत फिरतात, तिथून तळी जवळच. कोकण रेल्वे तळीला अगदी लागून जाते, करमळी स्टेशन तिथलंच. बांधावरून सकाळी सातला निघा, अडई बदकांचे थवे शीळ घातल्यासारखे आवाज करतात, जांभळी पाणकोंबडी लाल चोच घेऊन कमळाच्या पानावरून अशी चालते जशी काय तळी तिच्या बापाची. पोराला दुर्बीण द्या, खाणं विसरेल. (विसरणार नाही, पण अर्धा तास तरी.) चढ म्हणून शून्य.

सांगेवाला
आमच्या सांग्याचं कुणीच सांगत नाही म्हणून मी येतोय. नेत्रावळी! अभयारण्य 1999 चं, 211 चौरस किलोमीटर, तरी गर्दी नाही. मधल्या दिवसाला एवढं करा. सकाळी साळावली धरण, भरलेलं असतं तेव्हा, पाणी सोडायची ती गोल विहिरीसारखी सांडवा-भिंत बघायला पोराला आवडेल. मग गोपीनाथाच्या देवळाजवळची बुडबुड्यांची तळी, तळातून सारखे बुडबुडे येत असतात, पायऱ्यांवर बसून नुसतं बघत राहायचं. मग सावरी धबधबा. जंगलातून अर्धा-पाऊण तास चालणं, पण शेवटचा उतार ओला असतो, आईंना वर थांबवा किंवा काठी द्या. डिसेंबरात पाणी बेताचं पण असतं.

वनखात्याच्या गेटवर चौकशी करून तिकीट काढूनच आत जा. जुलै 2023 ला मैनापी धबधब्यात दोघं बुडाले तेव्हा अभयारण्यातले सगळे धबधबे बंद केले होते, नंतर हळूहळू उघडले, पण कुठला कधी बंद असेल ते आधी विचारलेलं बरं. आमच्याकडचे जाणते सांगतात, ओहोळाचं पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहायला लागल्या, की बाहेर निघायचं, पाऊस वर कुठेतरी पडलेला असतो, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. डिसेंबरात हा प्रश्न नाही म्हणा, पण पोराला आत्तापासून माहीत असू दे.

आणि मे महिन्यात या परत. साळावलीचं पाणी उतरलं की कुर्डी गाव वर येतं, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं. घरांची जोती, विहिरीचे काठ, झाडांचे बुंधे राहिलेत. 1980 च्या दशकात सगळं धरणाखाली गेलं, लोक वाडे-वाळकिणीला हलवले, आणि अजून मे महिन्यात आपापल्या देवाला येतात. माझी आजी तिथे चालताना वाट बघत नाही, कुणाचं घर कुठे होतं ते बडबडत जाते. त्याला कुठली डिफिकल्टी लावायची ते मला माहीत नाही.

सत्तरीकर
@सांगेवाला पटलं. फक्त एक राहिलं, @म्हापशेकर आमच्या भागात येताय तर माकडतापाचं लक्षात ठेवा. गोचिडीतून होतो, सत्तरीत गेल्या काही वर्षांत झालाय, साधारण डिसेंबर ते मे, काजूच्या मोसमात जास्त. घाबरायचं नाही पण फुल पँट, मोज्यात खोचलेली, पालापाचोळ्यावर बूड टेकायचं नाही, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता कळवायचं, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात. पावसाळ्यात जळवा, आता गोचीड. जळू बरी, निदान दिसते तरी.

म्हापशेकर
सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: पहिल्या दिवशी करमळी, दुसऱ्या दिवशी चंद्रनाथ (आईने नाव ऐकल्याबरोबर फुलांची पुडी कुठून घ्यायची ते विचारायला सुरुवात केलीय, म्हणजे तो दिवस पक्का), तिसऱ्या दिवशी वाघेरी, आम्ही दोघंच. नेत्रावळी मे महिन्यासाठी ठेवतो, कुर्डीसकट, आईला घेऊनच. @सत्तरीकर माणूस ठरवून द्याल का, आणि निघायचं किती वाजता?

सत्तरीकर
देतो, मेसेज करा. सहाला वाळपई स्टँडवर. तिथे त्या वेळी भाजी-पाव मिळतो, पोटभर खाऊन घ्या, वर काही नाही. पाणी माणशी तीन लिटर. मावसभाऊ म्हणेल दीड पुरे, त्याचं ऐकू नका, दीड तुम्ही त्याच्यासाठी जास्तीचं घ्या.