आई-बाबांना घेऊन बल्गेरियातल्या गरम झऱ्यांच्या गावी: वेलिनग्राद की हिसार्या?

सई_म्युनिक

नमस्कार मंडळी. सप्टेंबरअखेर आई-बाबा रत्नागिरीहून माझ्याकडे येतायत. आई 67, बाबा 72. आईचे दोन्ही गुडघे दुखतात, जिना उतरताना जास्त. बाबांची रक्तदाबाची गोळी रोजची, आणि दोन वर्षांपूर्वी मुतखड्याचा त्रास होऊन गेलाय. मागच्या फेरीत आम्ही पॅरिस-स्वित्झर्लंड केलं आणि आई सगळा वेळ आमच्यामागे धावत राहिली. या वेळी तिला धावडवायचं नाही. एका गावात सहा-सात दिवस राहायचं, गरम पाण्यात बसायचं, संध्याकाळी बागेत फिरायचं, एवढंच.

आईचं माहेर दापोली तालुक्यातलं. लहानपणी ती आजीबरोबर उन्हवऱ्याच्या गरम कुंडावर जायची, ते अजून सांगते. ऑफिसातल्या बल्गेरियन मैत्रिणीने वेलिनग्राद आणि हिसार्या अशी दोन नावं दिली आहेत. कोणी दोन्ही पाहिली आहेत का? आम्ही शाकाहारी, आईला अंडंही चालत नाही. बाबांना जुनी बांधकामं बघायला मनापासून आवडतात. आणि एक अडचण: आईने आयुष्यात पोहण्याचा पोशाख घातलेला नाही. त्यावरून ती नाहीच म्हणेल अशी मला भीती आहे.

वसुधा_सोफिया

सई, मी नऊ वर्षं सोफियात राहते, माझ्या आईला दोन्ही गावांत नेलंय. सविस्तर लिहिते.

वेलिनग्राद पश्चिम रोडोपी डोंगरात, चेपिनोच्या खोऱ्यात, साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे. चहूकडे पाईनचं जंगल. कामेनित्सा, लजेने आणि चेपिनो ही तीन गावं 1948 साली एकत्र करून हे शहर झालं आणि दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या वेला पेएवा या तरुण मुलीचं नाव त्याला दिलं. ही माहिती उपयोगाची अशासाठी, की गाव अजूनही तीन तुकड्यांत पसरलंय. हॉटेल बुक करताना ते कोणत्या भागात आहे ते बघ. आईच्या गुडघ्यांसाठी चेपिनोचा भाग चांगला, कारण क्लेप्तुझाचं तळं तिथे आहे. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीतून थंडगार पाण्याचा मोठा प्रवाह उसळतो. बल्गेरियातल्या सर्वांत मोठ्या कार्स्ट झऱ्यांपैकी (चुनखडीच्या पोकळ खडकांतून येणाऱ्या झऱ्यांपैकी) हा एक. त्याचंच तळं केलंय, भोवती सपाट वाट आणि बाकडी. एका बाजूला गरम झरे आणि त्याच गावात हा बर्फासारखा झरा. माझी आई रोज संध्याकाळी तिथे बसायची.

हिसार्या निराळं. ते स्रेदना गोरा डोंगराच्या दक्षिण पायथ्याशी, प्लोव्हदिव्हच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर. उंची कमी, हवा उबदार, गाव छोटं आणि बरंचसं सपाट. वेलिनग्रादला घनदाट जंगल आहे, हिसार्याला रोमन भिंती आहेत. दोन्ही ठिकाणी पाणी उत्तम.

आता माझं स्पष्ट मत. हॉटेल बघून गाव निवडू नकोस. मोठी स्पा हॉटेलं दोन्हीकडे आहेत, त्यांचे गरम पाण्याचे टाके एकसारखे, आणि माणसं तीन दिवस पांढऱ्या झग्यात आतच काढून परत जातात. या गावांचा खरा जीव रस्त्यावरच्या नळांत आहे. बल्गेरियन लोक नळाला, पाणवठ्याला ‘चेश्मा’ म्हणतात. शब्द फारसीतून तुर्कीमार्गे गेलाय. फारसीत चश्म म्हणजे डोळा आणि चश्मा म्हणजे झरा, आपला चष्माही त्याच घरातला. सकाळी आजी-आजोबा मोठमोठे कॅन घेऊन चेश्मापाशी येतात, रांगेत गप्पा मारतात, पाणी भरून नेतात. पैसे नाहीत, तिकीट नाही. आईच्या हातात बाटली दे आणि तिथे उभी कर. भाषा येत नसली तरी पाचव्या मिनिटाला कुणीतरी तिला कुठला नळ कशासाठी ते हातवाऱ्यांनी सांगायला लागेल.

एक लक्षात ठेव: इथे मान उभी हलवली की ‘नाही’ आणि आडवी हलवली की ‘हो’. तरुण मंडळी परदेशी माणसासमोर कधीकधी उलटं करतात, म्हणून गोंधळ वाढतो. तोंडाने ‘दा’ किंवा ‘ने’ ऐकल्याशिवाय काही धरून चालू नका.

घाटमाथा

गेल्या वर्षी गेलो होतो. व्हिसाची अडचण येऊ शकते, बल्गेरियाचा वेगळा काढावा लागतो. आणि पैसे लेव्हमध्ये बदलून न्या.

वसुधा_सोफिया

घाटमाथा, हे दोन्ही आता बदललंय. विमानाने येणाऱ्यांसाठी 31 मार्च 2024 पासून आणि रस्त्याने-रेल्वेने येणाऱ्यांसाठी 1 जानेवारी 2025 पासून बल्गेरिया शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे. सईच्या आई-बाबांचा जर्मनीचा शेंगेन व्हिसा चालेल, म्युनिक-सोफिया विमानाला पासपोर्ट तपासणीची रांगही नाही (पासपोर्ट जवळ ठेवायचाच). आणि 1 जानेवारी 2026 पासून चलन युरो आहे. लहान दुकानांसाठी सुटे युरो ठेवा.

पुनर्वसू

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. गुडघे आणि रक्तदाब हे दोन शब्द वाचले म्हणून लिहितोय.

गरम पाण्यात शरीराचं वजन सांध्यांवरून उतरतं, स्नायू सैल होतात, दुखणं आणि सकाळचा ताठरपणा कमी होतो. आईंना सहा दिवसांत बहुधा बरं वाटेल. पण झिजलेली कूर्चा परत येत नाही, हे त्यांना आधीच सांगा, म्हणजे घरी आल्यावर दुखणं परतलं तर मन खट्टू होणार नाही. पाण्यात नुसतं बसण्यापेक्षा तिथे हळूहळू चालणं, गुडघा वाकवणं-सरळ करणं याचा फायदा जास्त टिकतो. घरी करतात तेच व्यायाम पाण्यात करायचे.

बाबांकडे अधिक लक्ष द्या. गरम पाण्यात रक्तवाहिन्या पसरतात, रक्तदाब उतरतो, आणि त्यात गोळीचा परिणाम. माणूस झटकन उठला की डोळ्यांपुढे अंधारी येते. पाणी 36-37 अंशांचं निवडा, सुरुवातीला दहा मिनिटं पुरे, नंतर पंधरा. उठताना कठड्याला धरून, टप्प्याटप्प्याने. जेवणानंतर लगेच नाही. बाहेर आल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं, पाणी प्यायचं. सौना आणि थंड पाण्याची उडी बाबांसाठी पूर्ण बंद. निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

मुतखड्याबद्दल: हिसार्याचं पाणी मूत्रपिंड आणि मूत्रमार्गाच्या तक्रारींसाठी पूर्वीपासून नावाजलेलं आहे आणि तिथे लोक ते ठरवून पितात. भरपूर पाणी पिणं मुतखडा होऊन गेलेल्या माणसाला हवंच असतं. पण औषध बंद करून पाण्यावर विसंबणं नको.

गडवाट

सईताई, बाबांना जुनं बांधकाम आवडतं म्हणालात ना, मग हिसार्याला दोन रात्री तरी द्याच. मी महाराष्ट्रातले दीडशेहून अधिक किल्ले पाहिलेत, आणि हिसार्याच्या तटासमोर मी अर्धा तास नुसता उभा होतो.

नावापासूनच सुरुवात होते. हिसार म्हणजे किल्ला. हरियाणातलं फिरोजशहा तुघलकाचं हिसार आणि हे हिसार्या, शब्द एकच. तुर्कांनी इथले तट बघूनच हे नाव दिलं. त्याआधी रोमन काळात शहराचं नाव होतं डायोक्लेशियनोपोलिस, सम्राट डायोक्लेशियनवरून.

तट काही ठिकाणी अकरा मीटरपर्यंत उभा आहे. बांधणी बघण्यासारखी: दगडांचे थर, मग भाजक्या विटांचे पट्टे, पुन्हा दगड. विटांचे पट्टे भिंतीला सांधून धरतात आणि समतल ठेवतात. आपल्याकडच्या तटांत काळा दगड आणि चुना पाहायची सवय, त्यामुळे लाल-करड्या पट्ट्यांची ही भिंत उन्हात फारच वेगळी दिसते. दक्षिण दरवाजा सर्वांत भव्य. त्याला गावकरी ‘उंट’ म्हणतात. कमान पडून गेल्यावर दोन्ही बाजूंचे अवशेष समोरासमोर उभ्या असलेल्या दोन उंटांसारखे दिसत, म्हणून. पुढे कमान दुरुस्त केली, नाव मात्र तेच राहिलं.

मला सर्वांत भावलं ते हे: तटाच्या आत आजही माणसं बागेत बसतात, आणि रोमन स्नानगृहांना ज्या झऱ्यांनी पाणी पुरवलं तेच झरे अजून वाहतायत. एका झऱ्याचं नाव मोमिना सल्झा, म्हणजे कुमारिकेचा अश्रू. बाबांना सकाळी लवकर न्या, ऊन तिरपं असताना विटांचा रंग खुलतो. गावाजवळच स्टारोसेलला थ्रेशियन लोकांचं (रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्या प्राचीन लोकांचं) थडगं-मंदिर आहे, इ.स.पूर्व पाचव्या-चौथ्या शतकातलं. तिथे पायऱ्या आहेत, आईंचं बघून ठरवा.

वेलिनग्रादहून बाताक हे गावही जवळ आहे. 1876 च्या, तुर्कांच्या सत्तेविरुद्धच्या एप्रिल उठावानंतर तिथे चर्चमध्ये आसरा घेतलेल्या माणसांची कत्तल झाली. चर्च आता स्मारक आहे आणि आत मृतांच्या अस्थी ठेवलेल्या आहेत. मी गेलो याचं समाधान आहे, पण विश्रांतीच्या सहलीत आई-बाबांना न सांगता तिथे नेऊ नका. त्यांना आधी काय आहे ते सांगा.

रेल्वेवेडा

वेलिनग्रादला जाताय आणि नॅरोगेजचा विषयच कुणी काढला नाही!

सोफिया-प्लोव्हदिव्ह मार्गावर सेप्तेम्व्री स्टेशन लागतं. तिथून दोब्रिनिश्तेपर्यंत 125 किलोमीटरची अरुंद रुळांची लाईन आहे, रुंदी 760 मिलिमीटर (आपली माथेरानची 610). ही फक्त पर्यटकांची गाडी नाही, गावकरी रोज तिने जातात-येतात. सेप्तेम्व्री ते वेलिनग्राद हा सुमारे चाळीस किलोमीटरचा टप्पा नदीच्या घळीतून जातो, बोगदा संपला की पाणी, पाणी संपलं की बोगदा. पुढे आव्रामोवो स्टेशन 1267 मीटरवर, बाल्कनमधलं सर्वांत उंच. तिथे चढण्यासाठी रूळ डोंगरावर वळसे घेत स्वतःवरूनच जातात.

आईंच्या गुडघ्यांचं मात्र बघा. फलाट ठेंगणे, डब्यात चढायला पायऱ्या. सोफियाहून वेलिनग्रादला सामानासकट मोटारीनेच जा, रस्त्याने साधारण दोन तास. मग मधल्या एका दिवशी, सामान नसताना, नॅरोगेजचा थोडा प्रवास करून परत या. वेळापत्रक आदल्या दिवशी स्टेशनवर बघा, गाड्या दिवसात मोजक्याच आहेत.

सई_म्युनिक

तुम्ही सगळ्यांनी किती मनापासून लिहिलंत! बाबांना गडवाट यांचं लिखाण फोनवर वाचून दाखवलं, ते ‘विटांचे पट्टे’ दोनदा म्हणाले. म्हणजे हिसार्या पक्कं. चार रात्री वेलिनग्राद, दोन हिसार्या असं डोक्यात आहे. जेवणाचं आणि आईच्या पोशाखाचं कुणी सांगेल का?

वसुधा_सोफिया

जेवणाची चिंता नको. दोन शब्द पाठ कर: ‘बेझ मेसो’ म्हणजे मांसाशिवाय, आणि ‘पोस्नो’ म्हणजे उपवासाचं. ऑर्थोडॉक्स उपवासात मांस, अंडी, दूध सगळंच वर्ज्य, त्यामुळे ‘पोस्नो’ म्हटलं की आईचं काम बरंच सोपं होतं. घेवड्याचं सूप (बोब चोर्बा), भाजलेल्या मिरच्या, तांदूळ भरलेली द्राक्षाची पानं मिळतील, पण सुपात मांस नाही ना ते विचारायचंच. तारातोर आईला आवडेल: दही, काकडी, अक्रोड, लसूण, शेपू. म्हणजे काकडीची कोशिंबीर पातळ करून थंड प्यायची. बानित्सा आणि रोडोपीचा पातात्निक (किसलेल्या बटाट्याचा जाड थालीपीठासारखा प्रकार) यांत बहुधा अंडं असतं, तेवढं जप. घरून मेतकूट आणि लोणचं न्यायला विसरू नकोस. इथलं दही असं घट्ट आणि आंबट आहे, की दही-भात-मेतकूट म्हणजे मेजवानी.

पोशाखाचं सांगते, कारण माझी आईसुद्धा पहिल्या दिवशी काठावर टॉवेल लपेटून बसून राहिली होती. सुती कपडे टाक्यात चालत नाहीत. भारतातूनच लायक्राचा पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोशाख आणायला सांग, आणि आईला तो घरी न्हाणीघरात एकदा घालून ओला करून बघू दे. टोपी आणि मागे पट्टा असलेल्या रबरी चपलाही, फरशी निसरडी असते. हॉटेलला आधी ईमेल करून पूर्ण पोशाख चालतो का ते लेखी घे. काही ठिकाणी ताशी भाड्याने स्वतंत्र खोलीतलं टब-स्नानही मिळतं. आईला पहिल्या दिवशी तेच दे, कुणी बघत नाही. माझी आई तिसऱ्या दिवशी आपणहून मोठ्या टाक्यात उतरली. तिथे तिच्या वयाच्या, तिच्यासारख्याच अंगाच्या दहा-बारा बायका मानेपर्यंत पाण्यात बसून गप्पा मारत होत्या. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, ‘या तर आपल्यासारख्याच आहेत गं.’

घाटमाथा

माहिती सुधारल्याबद्दल आभार, वसुधाताई. एक भर: सोफियात एक दिवस असेल तर बान्या बाशी मशिदीजवळ जुनी मध्यवर्ती स्नानगृहाची इमारत बघा. पिवळ्या-लाल पट्ट्यांची, 1913 मध्ये सुरू झालेली, आता शहराचं संग्रहालय. शेजारीच गरम पाण्याचे सार्वजनिक नळ आहेत. प्रवासाची सुरुवात तिथूनच करता येईल.

सई_म्युनिक

सगळं आईला सविस्तर सांगितलं. पोशाखावर ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, रंग काळा नको, गडद निळा बघ. आणि तिने एकच प्रश्न विचारलाय: आजी उन्हवऱ्याहून येताना कळशीभर पाणी घरी आणायची, तसं हे पाणी रत्नागिरीला नेता येईल का?

पुनर्वसू

नेता येईल, पण हातातल्या सामानात नाही. घट्ट झाकणाची लिटरभराची बाटली, वर दोन पिशव्या, आणि सुटकेसमध्ये कपड्यांच्या मधोमध. गरम पाणी भरलंत तर आधी पूर्ण निवू द्या, मगच झाकण लावा, नाहीतर बाटली आक्रसते. उबेबरोबर त्यातले वायूही उडून जातात, त्यामुळे झऱ्यापाशी असतं तसंच्या तसं ते राहणार नाही. आईंना द्या तरीही.