अनुभव धागा: त्याच जागेवरून, दर वर्षी (मांडवी ते दांडिया बाजार)

बडोद्याच्या जुन्या शहराच्या चार दरवाजांच्या आतली आणि आसपासची वस्ती जे वर्षानुवर्षं फोटोत टिपत आहेत, त्यांनी आपली पद्धत लिहावी. दहा वर्षांनी जुळेल असा फोटो कसा मिळतो आणि कशाने बिघडतो, ते हवं आहे.

लहेरीपुऱ्याहून
निम्मं काम जागा पक्की करण्याचं. रस्त्यावरची रंगाची खूण पुढच्या डांबराखाली जाते. अरुंद गल्लीत भिंतींमुळे जीपीएस काही मीटर चुकतं. त्यापेक्षा दोन जुळण्या लिहून ठेवा. जवळच्या दगडी खांबाची कड मागच्या घराच्या गॅलरीच्या कोपऱ्यावर येते, ही एक. दुसऱ्या बाजूला तशीच आणखी एक. एका जुळणीने फक्त रेषा मिळते, दोन रेषा छेदतात तिथे उभं राहायचं. पाट्या आणि विजेचे खांब यासाठी निरुपयोगी, ते हलतात. कॅमेऱ्याची उंची रस्त्यापासून मोजू नका, जोत्याच्या वरच्या कडेपासून मोजा; डांबराच्या थरांनी रस्ता वर येत जातो.

वाडीतून
महिना आणि वेळ दोन्ही तेच हवेत. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य इथे क्षितिजापासून ४४ अंशांच्या आसपासच असतो. पूर्व-पश्चिम गल्लीत दक्षिणमुखी घरांचे वरचे मजले उजळतात, खालची दुकानं काळोखात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो अगदी डोक्यावर, मग कोरीव टेकूंच्या सावल्या भिंतीवर लांब उतरतात. पाहणारा हा सावलीचा फरक इमारतीतला बदल समजतो. लाकूडकामाला पातळ ढगांचा दिवस सर्वांत चांगला.

रावपुऱ्यातून
फोन चालतो. मात्र मुख्य लेन्सच वापरा. अल्ट्रावाइडमध्ये कडेची घरं ताणली जातात. फोन बदलला की त्याच दिवशी, त्याच जागेवरून जुन्या आणि नव्या दोन्ही फोनने एकेक फोटो घ्या, नाहीतर मालिका तिथेच तुटते.

दांडिया बाजारातून
तांबेकर वाडा संरक्षित स्मारक आहे, त्याची नोंद होत राहील. शेजारच्या बिननावाच्या घराची कोण ठेवणार? रांगेतलं एकही घर वगळू नका. दर्शनी भागाबरोबर चार जवळचे फोटो घ्या: छपराच्या कडेची पन्हळ (पिंपळ तिथेच रुजतो, मूळ विटांच्या सांध्यात शिरतं), लाकडी खांबाचा तळ, तळमजल्याचं शटर आणि जिन्याखालचे वीज मीटर. रस्ता वर आला की खांबाखालचा दगड बुजतो, लाकूड ओलीला टेकतं आणि खालून कुजायला लागतं. वरून मात्र घर धडधाकट दिसतं. मीटर वाढले तर बहुधा घराच्या वाटण्या झाल्या, कमी झाले तर बिऱ्हाडं गेली असावीत. ग्राहक क्रमांक झाकूनच ठेवा.

पाणीगेटहून
उत्तरायणाला, १४ जानेवारीला, गच्च्या उघड्या असतात. घरमालकांना विचारून चारही दिशांना फोटो घ्या. नवा स्लॅब, टाक्या, पत्रे रस्त्यावरून दिसत नाहीत. गणपतीच्या मांडवाच्या नोंदीत तारखेसोबत तिथी लिहा. चतुर्थी कधी ऑगस्टअखेर, कधी सप्टेंबरच्या मध्यावर येते. रोषणाईच्या फोटोत एलईडी दिव्यांमुळे गडद-फिके पट्टे उमटत असतील तर कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची. माणसांचे जवळून फोटो विचारूनच, आणि पुढच्या खेपेला छापील प्रत द्या. दारं त्यानेच उघडतात.

मांडवीहून
फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, शेवटी घराची खूण. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून आलेली प्रत जपू नका. व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करतं आणि फाइलच्या आतली तारीखही जाते. मूळ फाइलच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी.