दारू सोडताना वही लिहायलाच हवी का?

दर्याकाठचा: येत्या नारळी पौर्णिमेला माझी तीन वर्षं होतील. परवा मीटिंगमध्ये एक नवा पोरगा म्हणाला, "पीत नाही ना आता? मग ती चौथी पायरी कशाला?" माहीत नसेल त्यांच्यासाठी: अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस १९३५ साली अमेरिकेत सुरू झालं, त्यांच्या बारा पायऱ्या आहेत. चौथीत स्वतःची निर्भय झाडाझडती घ्यायची, पाचवीत ती दुसऱ्या माणसापुढे कबूल करायची. माझ्या मते हे टाळलं की बाटली सुटते, बेवडा तसाच राहतो.

माझंच सांगतो. वीस वर्षं म्हणत आलो, जून-जुलैत मासेमारी बंद, होडी वर काढलेली, हाताला काम नाही, म्हणून पितो. शंभर पानी वही आखून बसलो. कधी, कुठे, कोणाच्या पैशाने. बघतो तर मोठे राडे सगळे ऑक्टोबर-नोव्हेंबरातले. बांगडा मिळतोय, खिसा भरलेला. बंदीत तर मला उधारीसुद्धा कोणी देत नव्हतं! पेन ठेवलं आणि पडवीत जाऊन बसलो.

सावंतवाडीकर: नाही पटत. दारू एकदम तोडली की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. तिथे डॉक्टर लागतो, वही नाही. आणि त्यानंतरचे काही महिने झोप धड नसते, मन थाऱ्यावर नसतं. माझ्या भावाला दीड महिन्यातच लिहायला बसवलं. वडिलांच्या आजारपणाचं पान आलं, त्या रात्री बांद्यावरून पलीकडे गोव्यात गेला तो तिसऱ्या दिवशी सापडला. प्रामाणिकपणा अंगावर पेलण्याइतकी ताकद आधी येऊ दे.

दर्याकाठचा: घाई नको, हे कबूल. पण "ताकद येऊ दे" म्हणत मी आठ महिने काढले होते, तेही सांगतो.

माडाखाली: पाचवी पायरी आमच्या वाडीत? सकाळी एकाला सांगितलं की संध्याकाळी मच्छी लिलावात चर्चा. शिमग्याला तर माझ्या नावाने बोंबच मारतील. त्यापेक्षा देवळात गाऱ्हाणं घालतो, देवापुढे चूक कबूल केली की झालं.

दर्याकाठचा: वाडीत कोण सांगतो? मी कुडाळला जाऊन सांगितलं, ज्याचा माझ्या गावाशी संबंध नाही अशा माणसाला. आणि गाऱ्हाण्याचं म्हणशील तर मीही दरवर्षी "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. "काय चुकला-माकला असात" यात सगळं बसतं रे. कोणाचं, किती, कधी, हे कुठे येतं त्यात?

शेवंती: माका एक सांगा. माझ्या घोवान पण वही लिवल्यान. माका वाचून दाखवल्यान, रडलो, माफी मागल्यान. तेका हलक्या वाटला. पण माझा मंगळसूत्र खंय गेला ता तेच्यात नाय! आठवनाच नाय म्हणता. माका तारीख सुदीक आठवता. मगे ही झाडाझडती कोणाची?

सावंतवाडीकर: हेच म्हणतो मी. पिणाऱ्याची आठवण अर्धी, वर तो स्वतःचाच वकील.

दर्याकाठचा: वहिनी, याला उत्तर नाही माझ्याकडे. नववी पायरी भरपाईची, तिथे अट आहे: त्यातून समोरच्याला किंवा इतर कोणाला इजा होणार असेल तर नाही करायची. स्वतःला हलकं वाटावं म्हणून बायकोपुढे वाचणं त्यात बसत नाही बहुतेक. मी मात्र तेच केलं होतं, आत्ता कळतंय.

शेवंती: मगे आता काय करतलास?

दर्याकाठचा: काल रात्री वही हिच्यापुढे ठेवली, म्हटलं राहिलेलं तू सांग, मी लिहितो. अकरा पानं झाली. मधेच उठून तिने चुलीवरची पेज उतरवली आणि परत येऊन म्हणाली, "खंय होतंव? हां, धाकट्याची फी."

माडाखाली: कुडाळची मीटिंग कोणत्या वारी असते?