'नॉइज'ला गोंगाट म्हणावं का?

प्रश्न: जनुकांवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणते आहे. त्यात 'निगेटिव्ह फीडबॅक'मुळे 'नॉइज' कमी होतो असं आहे. मी 'नकारात्मक प्रतिसादामुळे जनुकाचा गोंगाट कमी होतो' असं लिहिलं, पण माझं मलाच पटेना. काय लिहावं?

– गोंगाट नकोच. 'अनियमितता' चालेल का?

– त्या शब्दाला गैरव्यवहाराचा वास येतो. मुळात घडतं काय ते बघा. एकाच पेशीपासून झालेले दोन जिवाणू, जनुकं तीच, भोवताल तोच, तरी एकात प्रथिन जास्त, दुसऱ्यात कमी. ज्यांवरून प्रथिन बनतं त्या जनुकाच्या आरएनए-प्रती पेशीत कित्येकदा बोटांवर मोजण्याइतक्याच असतात. एक प्रत लवकर बनली की उशिरा, एवढ्यानंही फरक पडतो. म्हणून विशेषण 'यादृच्छिक'. नामं मात्र दोन हवीत: एकाच पेशीत वेळेनुसार होतात ते 'चढउतार', पेशीपेशींत दिसते ती 'तफावत'.

'बाह्य' आणि 'आंतरिक' नॉइजही जपून. २००२ साली ई. कोलाय या जिवाणूत एकसारख्या नियंत्रणाखाली दोन जनुकं बसवली, एकाचं प्रथिन निळसर चमकणारं, दुसऱ्याचं पिवळं. दोन्ही रंग एकत्र वाढले-घटले तर कारण साऱ्या पेशीचं, वेगवेगळे हलले तर त्या जनुकापुरतं. 'बाह्य' वाचून वाचक कारण पेशीबाहेर शोधेल. मी 'पेशीव्यापी' आणि 'जनुकापुरती' असं लिहीन.

प्रश्नकर्ती: आणि फीडबॅक?

– 'प्रतिसाद'मध्ये परत फिरून मुळावर येणं नाही. 'पुनर्भरण' म्हटलं की भूजल आठवतं. 'फीडबॅक'च ठेवा, पण 'नकारात्मक' नको, 'ऋण' लिहा. २००० साली बेच्केई आणि सेरानो या संशोधकांनी ई. कोलायमध्ये स्वतःच्याच जनुकाला दाबणारं प्रथिन वापरलं. ते वाढलं की निर्मितीला लगाम, घटलं की लगाम सैल. फीडबॅक नसलेल्या रचनेपेक्षा तफावत स्पष्ट कमी. इतकं उपयोगी काम नकारात्मक कसं? धन फीडबॅक उलट, लहानसा चढ उचलून धरतो. बॅसिलस सबटिलिस या जिवाणूत कॉमके हे प्रथिन स्वतःचंच जनुक चेतवतं. ज्या थोड्या पेशींत ते योगायोगानं उंबरठा ओलांडतं, त्याच बाहेरचा डीएनए घ्यायला सज्ज होतात. तिथे तफावतच कामाची.

प्रश्नकर्ती: मग असं लिहिते: 'ऋण फीडबॅकमुळे पेशीपेशींतली प्रथिनाची तफावत घटते.'

– 'घटू शकते' करा. लगाम उशिरा बसला तर प्रथिनाची पातळी झोके घ्यायला लागते.