20 मिनिटांत 38 स्लाइड्स कशा बसवायच्या?

प्रश्न – हिंगणावाला
नमस्कार मंडळी. आमचा हिंगणा एमआयडीसीत कोरुगेटेड (नालीदार पुठ्ठ्याच्या) पेट्यांचा छोटा कारखाना आहे. पुढच्या गुरुवारी बुटीबोरीच्या एका खाद्यपदार्थ कंपनीपुढे प्रेझेंटेशन आहे. समोर पर्चेस मॅनेजर, प्लांट हेड आणि अकाउंट्सचे साहेब असतील. वेळ 20 मिनिटं. स्लाइड्स 38 झाल्यात: कारखान्याचा इतिहास, मशिनरी, सर्टिफिकेटं, ग्राहकांची यादी, शेवटी दर. काय कापू?

उत्तर – बुटीबोरीकर
भाऊ, कापायच्या आधी एक वाक्य कागदावर लिहा: बैठक संपताना त्या तिघांनी काय ठरवायला हवं? वर्षभराची ऑर्डर पहिल्या भेटीत मिळत नाही. एका मापाच्या 500 पेट्यांची ट्रायल मिळू शकते. जी स्लाइड त्या ट्रायलच्या कामाची नाही, ती काढा. इतिहास आणि मशिनरीचे फोटो छापून हातात द्या.

सुरुवात त्यांच्या नुकसानीपासून करा. महिन्याला किती पेट्या लागतात, किती फुटतात, हे आधीच फोन करून विचारा. समजा 20,000 पेट्या लागतात आणि 2 टक्के फुटतात, म्हणजे 400. पेटीत 600 रुपयांचा माल धरला तर महिन्याला 2 लाख 40 हजार गेले. हा हिशेब दुसऱ्या स्लाइडवर, मोठ्या अक्षरात. यानंतर तुमच्या पेटीचा दर 1 रुपया जास्त निघाला तरी त्यांना 20 हजारच जास्त मोजावे लागतात. दर शेवटी ठेवलात तर पर्चेसवाले तोवर ऐकत नाहीत, नुसती दराची वाट पाहतात.

प्लांट हेडला रस थप्पीत. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि खालची पेटी दबते, म्हणून कॉम्प्रेशन टेस्टचा (पेटी किती दाब सोसते त्या चाचणीचा) रिपोर्ट त्यांच्यासाठी. अकाउंट्सला क्रेडिट किती दिवसांचं, एवढंच. सगळं मिळून 9-10 स्लाइड्स पुरतात.

उत्तर – वर्धा रोड
मजकूर मराठीत असेल तर कृतीदेवसारखा जुना फॉन्ट वापरू नका. त्यांच्या लॅपटॉपवर तो नसला की सगळी अक्षरं इंग्रजी कचरा होऊन दिसतात. युनिकोडमध्ये टाइप करा, आणि पेनड्राइव्हवर पीपीटीसोबत पीडीएफही ठेवा.

अक्षर 28 पॉइंटच्या खाली नको. एक्सेलचा अख्खा तक्ता चिकटवू नका, लागणारे तीन आकडे उचला. पांढऱ्यावर पिवळं किंवा फिकट राखाडी प्रोजेक्टरवर उडून जातं, त्यात खिडकीतून ऊन येत असेल तर विचारूच नका. प्रोजेक्टर जुना असला तर फक्त व्हीजीए असतो, एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा ॲडॉप्टर सोबत न्या. पडदा कोरा राहिला तर विंडोज आणि पी एकत्र दाबून डुप्लिकेट निवडा. अर्धा तास आधी पोहोचा.

हिंगणावाला
दोघांचेही आभार. साहेब उशिरा आले आणि 10 मिनिटंच उरली तर? आणि भाषा कोणती?

उत्तर – बुटीबोरीकर
घाईघाईने सगळ्या स्लाइड्स पळवू नका, त्यात एकही आकडा डोक्यात राहत नाही. नुकसानीचा हिशेब, टेस्ट रिपोर्ट, ट्रायलची मागणी, या तीन स्लाइड्सचे नंबर चिठ्ठीवर लिहून ठेवा. स्लाइड शो चालू असताना 7 दाबून एंटर केलं की थेट सातवी येते. 20 मिनिटं मिळाली तरी बोलणं 12 मिनिटांतच संपवा, बाकी प्रश्नांसाठी.

भाषा ते बोलतील ती. आपल्याकडे हिंदी-मराठी मिसळूनच चालतं, फक्त स्लाइडवर एकच भाषा ठेवा. घरी घड्याळ लावून तीनदा उभं राहून, मोठ्याने बोला. मनात वाचलं की वेळ कमी लागतो आणि अंदाज चुकतो.

नमुन्याची पेटी आधी फिरवू नका, नाहीतर सगळे तीच उलटीपालटी करत बसतात. टेस्ट रिपोर्ट झाला की कीबोर्डवर बी (B) दाबून पडदा काळा करा, मग पेटी प्लांट हेडच्या हातात द्या आणि त्यांचं दाबून बघणं होईपर्यंत गप्प राहा.